आलेख चौकटीत बसत नाही तेव्हा

(काळ्या पडद्यावर एकेक करून चार चौकटी उमटतात.)

केशरी ठिपके, त्यांना लाल कडा, आणि मधून जाणारी निळी रेघ. चारही चौकटींत रेघ जवळजवळ तीच आहे. ठिपके मात्र नीट बघा. पहिल्या चौकटीत ते रेघेच्या आजूबाजूला विखुरलेत. दुसरीत त्यांनी कमान धरलीय. तिसरीत सगळे एका सरळ ओळीत, एक तेवढा वर सुटलेला. चौथीत दहा ठिपके एकाच उभ्या ओळीत, आणि अकरावा पार उजव्या टोकाला.

ही आकडेवारी फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम यांनी १९७३ साली मांडली. चारही संचांत ‘क्ष’ची सरासरी ९, ‘य’ची साडेसात, सहसंबंध ०.८२. नुसते हे आकडे वाचून संच वेगळे आहेत हे कळणारच नाही. शेजारी शेजारी काढले की एका नजरेत कळतं. इतकी ताकद असलेला आलेख पहिल्याच एररला अर्धवट सोडून दिला जातो, हे खटकतं. म्हणून एका खिडकीत अनेक आलेख मांडण्यावर हा व्हिडिओ.

(स्क्रीन रेकॉर्डिंग. डावीकडे कोड, उजवीकडे प्लॉटची खिडकी.)

आकडेवारीसाठीची प्रोग्रामिंग भाषा आहे आर. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी घडवलेली. आलेखांची सेटिंग ठरवणाऱ्या ‘पार’ या फंक्शनमध्ये, खिडकीचे भाग पाडणाऱ्या ‘एमएफरो’ला सांगितलंय: तीन ओळी, तीन रकाने. एंटर. आलेख यायच्या जागी लाल अक्षरं: ‘फिगर मार्जिन्स टू लार्ज’.

आता कर्सरकडे लक्ष ठेवा. तो प्लॉटच्या खिडकीची कड पकडतो, खिडकी ओढून मोठी करतो, कोड पुन्हा चालवतो. नऊ चौकटी आल्या. पण कोडचं एक अक्षरही बदललेलं नाही. हीच फाइल दुसऱ्या कुणाच्या लहान स्क्रीनवर उघडली की तीच लाल ओळ परत येणार.

(कागद, पेन्सिल, पट्टी.)

खरं दुखणं कागदावर सापडतं. आर प्रत्येक चौकटीभोवती समास सोडतं, आणि तो अक्षरांच्या ओळींत मोजतं. खाली ५.१ ओळी, डावीकडे ४.१, वर ४.१, उजवीकडे २.१. एक ओळ म्हणजे ०.२ इंच. वरचा आणि खालचा समास मिळून ९.२ ओळी, म्हणजे १.८४ इंच. तीन किंवा जास्त ओळी-रकाने मागितले की आर अक्षरं आपणहून ०.६६ पट करतं, त्यासोबत समासही आक्रसतो. उरतो साधारण १.२१ इंच. आणि खिडकी? समजा साडेतीन इंच उंच. तिचे तीन भाग केले की एका चौकटीला जेमतेम १.१७ इंच. समासच चौकटीपेक्षा मोठा झाला. आलेखाला जागा उरलीच नाही, आणि एररमध्ये नेमकं तेच लिहिलेलं होतं.

उपाय शोधायला लांब जायला नको. अ‍ॅन्सकोमची आकडेवारी आरसोबतच येते, आणि तिच्या मदतपानावरचं उदाहरण कोणीही चालवून बघावं. सुरुवातीची ती चार चित्रं त्याचीच. त्यात ‘मार’, म्हणजे चौकटीचा समास, कमी केलाय: खाली आणि डावीकडे ४.१, वर आणि उजवीकडे १.१. चौकटींवर वेगवेगळी शीर्षकं नाहीत. त्याऐवजी ‘ओमा’ने, म्हणजे बाहेरच्या समासाने, सगळ्यांच्या डोक्यावर दोन ओळींची जागा राखलीय आणि ‘एमटेक्स्ट’ने तिथे एकच शीर्षक दिलंय. जुनी सेटिंग आधी बाजूला ठेवून शेवटी परत लावलीय, कारण ‘पार’चा बदल टिकून राहतो आणि पुढचा साधा आलेखही एका कोपऱ्यात छोटासा येतो. ओळी-रकान्यांची मापं कमीजास्त हवी असतील तर ‘लेआउट’ वापरा, पण ‘एमएफरो’सोबत नको. दोघांचं जमत नाही.

(दुसरा कोड. आलेख एकामागून एक पूर्ण खिडकीभर येतात.)

इथे ‘एमएफरो’ लिहिलंय, तरी आलेख एकेकटेच येतायत. हे जीजीप्लॉट-टू आहे, आरमध्ये आलेख काढायचं वेगळं पॅकेज. ते पॉल मरेल यांच्या ‘ग्रिड’ या वेगळ्या चित्रयंत्रणेवर उभं आहे, आणि ग्रिडला ‘पार’च्या सूचना लागू होत नाहीत. दीपायन सरकार यांच्या ‘लॅटिस’ या पॅकेजचंही तसंच. एकाच आकडेवारीचे गट पाडायचे असतील तर ‘फॅसेट-रॅप’. वेगवेगळे आलेख जोडायचे असतील तर ‘पॅचवर्क’. आणि फॉर लूपमध्ये काहीच उमटत नसेल, तर आलेख स्पष्टपणे ‘प्रिंट’ करा. लूपच्या आत तो आपोआप छापला जात नाही.

(पुन्हा चार चौकटी, या वेळी अक्षांची मर्यादा काढून टाकलेली.)

आता एरर नाही, पण चौकटी बदलल्या. आरच्या मूळ आलेखांत प्रत्येक चौकट आपापला अक्ष ठरवते. उदाहरणात चारही ठिकाणी आडवा अक्ष ३ ते १९, उभा ३ ते १३ असा बांधून दिला होता. तो काढताच लहान चढउतारही मोठे वाटायला लागतात, आणि त्यावर निष्कर्षही निघतात. ‘फॅसेट-रॅप’ अक्ष समान ठेवतं. त्यातल्या ‘स्केल्स’ला ‘फ्री’ करून प्रत्येक चौकटीचा अक्ष मोकळा सोडला असेल तर ते चित्राखाली लिहाच.

(फाइल सेव्ह होताना.)

माप खिडकीवर सोडू नका, कोडमध्ये लिहा. फाइल बनवणाऱ्या ‘पीडीएफ’ फंक्शनला काही सांगितलं नाही तर ते ७ बाय ७ इंचांचं पान घेतं. इथे ९ बाय ९ दिलंय. त्यानंतर आलेख, आणि शेवटी फाइल बंद करणारं ‘डेव्ह डॉट ऑफ’. ही शेवटची ओळ राहिली तर फाइल बंदच होत नाही, आणि उघडायला गेलं की अपुरी निघते.