कोणाचे दोन वाजले?

(नागपुरातील ख्रिस्ती तरुणांच्या मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून)

सगळ्यांना सलाम. पाळकसाहेबांनी मला चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली सात माइकनं खाल्ली. उरलेल्यात पत्रिकेवर छापलेला विषय सांगायचा आहे: ‘परदेशी सेवेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तीन पथ्यं’. तिन्ही सांगणार, घाबरू नका. पण आधी हिस्लॉप. नागपुरात आपल्यातला माणूस बोलायला उभा राहिला अन् हिस्लॉप निघाला नाही, असं आजवर झालेलं नाही.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये इथं आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. भोसल्यांचं राज्य अजून होतं. पुढच्या वर्षी त्यानं शाळा काढली. 1883 मध्ये तिचं कॉलेज झालं, ते तुम्हाला माहीतच आहे, निम्मे तिथलेच दिसता. धर्म सांगायला आलेला हा माणूस दगड गोळा करायचा, जीवाश्म शोधायचा, गोंडांच्या बोलीतले शब्द टिपून ठेवायचा. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेला अन् परतताना पुरात बुडाला. त्याचे गोंडांवरचे कागद त्याच्या मागे, 1866 मध्ये छापले गेले. मायदेशी एकदा जाऊन आला तेवढं सोडलं, तर अठरा वर्षं इथल्या उन्हात काढली.

तुमच्या पत्रकावर काय आहे? तीन आठवडे. त्यात दोन दिवस अभयारण्य. (हशा) हसू नका, माझ्याही वेळी तीनच आठवडे होते.

तसं विद्यार्थ्यांनी परदेशी जायचं हे वारं जुनं आहे. 1886 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मनला शिबिर भरलं, तिथं शंभर विद्यार्थ्यांनी मिशनरी म्हणून परदेशी जायची तयारी दाखवली. त्यातून चळवळ उभी राहिली. ते जन्माचं बोलत होते, आपण सुट्टीचं बोलतो. असो.

मी 1988 मध्ये केनियाला गेलो, एका विद्यार्थी संघटनेतर्फे. किसुमूजवळचं खेडं. किसुमू म्हणजे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं गाव, जिथं 1901 मध्ये इंग्रजांची रेल्वे पोचली. ती रेल्वे बांधायला आपल्या देशातून तीसेक हजार मजूर नेले होते, अन् अडीच हजारांच्या आसपास तिथंच मेले. हे मला जाण्याआधी कोणी सांगितलं नाही. मला सांगितलं होतं की पाणी उकळून प्या.

तर आम्हाला शाळेच्या एका खोलीचा पाया खणायचा होता. आमचे यजमान म्हणजे तिथले हेडमास्तर. घरात सगळे धोलुओ, म्हणजे तिथली बोली, बोलायचे, पण माझी स्वाहिलीची हौस पाहून माझ्याशी स्वाहिली. अन् स्वाहिली मला आवडली, कारण निम्मी ओळखीचीच वाटली. गाडीला गारी, पैशाला पेसा, चहाला चाय. मला वाटलं, बावा, आपण तर आठवड्यात पंडित होणार! विमानात आकडेही पाठ केले होते. मोजा, म्बिली, तातू.

पहिल्या रात्री हेडमास्तर म्हणाले, उद्या काम ‘सा म्बिली’ला. सा म्हणजे वाजले, म्बिली म्हणजे दोन. दोन वाजता. मी खूश. सकाळी आरामात उठलो, कपडे धुतले, दोन पत्रं लिहिली, भांग पाडून बरोबर दोनला शाळेवर हजर. पाया खणून झाला होता. गावातली माणसं झाडाखाली बसली होती, हातपाय मातीनं भरलेले. फावडी धुऊन ठेवली होती. एका बाईनं मला झाकून ठेवलेला उगाली आणून दिला, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत सुकुमा विकी. ही पालेभाजी. नावाचा अर्थ ‘आठवडा ढकल’, कारण पैसे संपले की आठवडा तिच्यावरच निघतो.

म्हणजे भारतातून पाया खणायला आलेला स्वयंसेवक पाया झाल्यावर आला अन् जेवला.

हेडमास्तरांनी रात्री समजावलं. तिथला दिवस उजाडल्यावर सुरू होतो. विषुववृत्तावर सूर्य बाराही महिने सहा-साडेसहाला उगवतो, मग सातला एक वाजतो, आठला दोन. मला हसू आलं अन् लाजही वाटली, कारण माझ्या शेजारच्या जोशीकाकांच्या पंचांगातही वार सूर्योदयालाच बदलतो. मध्यरात्री बारा ठोके पडल्यावर दिवस बदलणं हे कोणी ठरवलं?

परत आल्यावर मंडळीत अहवाल दिला. ही गोष्ट सांगितली. पहिला प्रश्न आला, सिंह पाहिला का?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पथ्यं.

पहिलं, भाषा. पाठ केलेले आकडे नव्हे. ज्याच्या घरी उतराल त्याला रोज दहा मूर्ख प्रश्न विचारा. दुसरं, काम. तुम्ही नसता तर ते कोण करणार होतं, हे जाण्याआधी विचारा. गावात गवंडी असेल तर तिकिटाच्या पैशात किती खोल्या होतात तो हिशेब मांडा अन् मगच तिकीट काढा. यावर संघटनेचे लोक माझ्यावर चिडतात. चिडू द्या. तिसरं महत्त्वाचं, त्यालाच वेळ नाही. 1910 मध्ये एडिंबरोच्या मिशनरी परिषदेत आपले भारतीय पाळक व्ही. एस. अझरय्या उभे राहिले. गोऱ्या मिशनऱ्यांसमोर त्यांनी सांगितलं की तुम्ही गरिबांना अन्न दिलंत, देह झिजवलात, आता आम्हाला मित्र द्या. सगळं त्यात आलं. पण तेव्हा आपण मागणारे होतो. आता केनियात तुम्ही पाहुणे, अन् मित्र व्हायची पाळी तुमची. म्हणजे परत आल्यावर पत्रं. फोटो नव्हे, पत्रं.

मला हेडमास्तरांच्या मुलानं दोन लिहिली. पहिल्याला उत्तर दिलं. दुसरं आलं तेव्हा माझी परीक्षा होती, मग नोकरी, मग लग्न. ते अजून माझ्या बायबलमध्ये आहे, स्तोत्रसंहितेत. त्यात त्यानं विचारलंय, आमच्याकडे सा म्बिली वाजतात तेव्हा नागपुरात किती वाजलेले असतात? उत्तर साडेदहा. एवढंच लिहायचं होतं.

घ्या माइक, पाळकसाहेब.