नुसती सुरू करून पाहतो

मंडळी, मे महिन्यात आपल्याकडं घरोघरी एक पंप जळतो. कूलरचा. टाकी कधी कोरडी झाली कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि संध्याकाळी नवा पंप आणायला माणूस धावतो. बोटीच्या मशिनीतला, इंजिन थंड ठेवणारा पंपही कोरडा चालला की जळतो, म्हणून पाण्याबाहेर "नुसती सुरू करून पाहतो" म्हणायचं नाही. फक्त त्याला दुपारभर लागत नाही, काही सेकंद पुरतात.

काहून? कूलरच्या पंपातलं चाक भोवतालच्या भिंतीला टेकत नाही. विहिरीवरच्या मोटारीचंही तसंच. आऊटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागं टांगलेल्या मशिनीच्या पंपात मात्र रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक असतं आणि त्याची पाती धातूच्या वाटीला घासतच फिरतात. वाटी मुद्दाम थोडी एका अंगाला सरकवलेली. त्यामुळं पातं एकीकडं दबतं, दुसरीकडं उलगडतं, आणि त्या दबण्या-उलगडण्यातून पाणी वर इंजिनाकडं जातं. पातं आणि वाटीच्या मधलं वंगण म्हणजे तेच पाणी. ते नसलं की रबर करपलंच.

पोरं म्हणतात, न्यूट्रलला आहे ना, बोट ढकलणारा पंखा कुठं फिरतो? अरे, पंप पंख्याच्या दांड्यावर नाहीच. तो इंजिनातून खाली येणाऱ्या उभ्या शाफ्टवर बसतो. इंजिन फिरलं की तोही फिरला.

माझ्याच हातून झालेलं सांगतो. पावसाळ्याआधी एक साहेब तपासणीला आले. बोट अंगणात, ट्रेलरवर. "सुरू होते का दाखवा." मी दोरी ओढली, मशीन घुमली, फोटो निघाला, साहेब खूश. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगा चढली. भंडाऱ्याकडचा तो पूर तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. भर धारेत मागं पाहतो तर मशिनीची पिचकारी, म्हणजे पंप चालू असल्याची खूण दाखवणारी पाण्याची बारीक धार, बंद, वरचं कव्हर चटके देणारं. बंद केली आणि वल्ह्यानं काठ गाठला. खोलल्यावर सहापैकी दोन पाती गायब! नवा इम्पेलर टाकून भागलं असतं असं वाटेल, पण ते तुकडे वर थर्मोस्टॅटपाशी, म्हणजे गरमीप्रमाणं पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेपाशी, अडकले होते. म्हणून तुटलेलं पातं शोधून, जुळवून पाहायचं. सापडेपर्यंत काम संपत नाही.

चाचणी ड्रममध्येच घ्या. मशीन ड्रमात उभी सोडा आणि पाणी पंख्याच्या डोक्यावरच्या आडव्या पट्टीच्याही वर येऊ द्या. गिअर टाकू नका, रेस देऊ नका. ड्रममधलं पाणी फेसाळलं की पंपात हवा जाते. मशीन जिथून पाणी ओढते तिथं बसवून पाइप लावायचे रबरी कप असतील तर आधी नळ, मग इंजिन. बंद करताना आधी इंजिन, मग नळ. पिचकारी आली नाही तर लगेच बंद. कधी कुंभारमाशीनं नुसतं भोक बुजवलेलं असतं. बारीक तार घालून बघा.

पंप परत बसवताना पात्यांना साबणाचं पाणी लावा. गाडीच्या चाकाचं ग्रीस नको, रबर फुगतं. शाफ्ट इंजिन फिरतं त्याच दिशेनं फिरवत वाटी खाली दाबायची, म्हणजे सगळी पाती एकाच अंगाला वळतात. उलटं फिरवण्याची गंमत कोणी करू नये.

गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात काठाजवळ गाळ, नदीत रेती. दोन्ही वाटीला ओरखडे पाडतात. उथळात मशीन बंद करून उचला, वल्ही मारा. मशिनीच्या पुस्तकात पंप खोलायचा वर्षांचा हिशेब दिलेला असतो, पण आपल्या पाण्याला मी दर मे महिन्यात पंप खोलतोच.

चला, बाहेर ड्रम भरलाय. दोरी कोण ओढतं? तू? थांब बापू, आधी पाणी कुठवर आलंय ते बघ.