मिसळीनंतरचा चहा आणि मेंदूतलं लोह

(दृश्य: सकाळची वेळ, मिसळीचं हॉटेल. मटकी, फरसाण, वर ओतला जाणारा लालभडक कट. बाजूला लिंबाची फोड.)

निवेदन:
कोल्हापुरात मिसळ समोर आली की आधी कट किती झणझणीत आहे ते बघितलं जातं. लिंबाची फोड बऱ्याचदा ताटलीतच राहते. मग हात धुतले की लगेच चहा. मटकीतलं लोह वाया जातं ते इथंच.

कोरड्या मटकीत 100 ग्रॅममागे साधारण 8 मिलिग्रॅम लोह असतं. पण वनस्पतीतलं लोह आतड्याला सहज उचलता येत नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याचं रूप बदलतं, मग ते आत शिरतं. चहातले टॅनिन, म्हणजे त्यातली तुरट द्रव्यं, नेमकं उलटं करतात. ते लोहाला धरून ठेवतात आणि शोषण निम्म्याहून खाली आणतात. म्हणून लिंबू खाताना वरून पिळायचं, कारण उकळत्या कटात घातलं तर क जीवनसत्त्व उष्णतेनं कमी होतं. आणि जेवण व चहा यांत निदान एक तासाचं अंतर ठेवायचं.

(दृश्य: दुपार. खुर्चीत बसल्या बसल्या पेंगणारी एक बाई. हातात अर्धवट निवडलेली मेथी.)

निवेदन:
लोह म्हटलं की आपल्याला रक्त आठवतं. मेंदूलाही ते तितकंच लागतं. उत्साह आणि इच्छा जागी ठेवणारं डोपामिन, झोप आणि मनःस्थिती सांभाळणारं सेरोटोनिन, ही दोन्ही बनवणारी एन्झाइम्स लोहाशिवाय चालत नाहीत. लोह कमी पडलं की कशात मन लागत नाही, चिडचिड होते, वाचलेलं डोक्यात राहत नाही. रात्री अंथरुणावर पडलं की पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही. काहींना माती, खडू, बर्फ खावासा वाटतो. घरात याला ‘आळस’ म्हणतात, आणि तो शब्द अन्यायाचा आहे.

‘हिमोग्लोबिन बारा आहे, म्हणजे सगळं ठीक’ असं ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं. शरीर आधी साठ्यातलं लोह संपवतं, हिमोग्लोबिन घसरतं ते शेवटी. हा साठा फेरिटिन नावाच्या तपासणीत कळतो. फेरिटिन 15 च्या खाली म्हणजे साठा संपलेला, आणि 30 च्या खाली असलं तरी बरेच डॉक्टर कमतरता धरतात. पाय वळवळत असतील तर 75 पर्यंत असलं तरी उपचाराचा विचार होतो. अंगात ताप किंवा सूज असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसतो, त्यामुळे आजारी असताना तपासू नये. सोबत बी-12 जीवनसत्त्व बघून घ्यावं, विशेषतः शाकाहारी घरांत. त्याच्या कमतरतेतही थकवा आणि विसराळूपणा असाच येतो.

(दृश्य: चुलीवरचं पातेलं. तांबड्या रश्श्याला उकळी, शेजारी पांढरा रस्सा.)

निवेदन:
‘मटण खातो, मग लोह कसं कमी?’ प्रश्न रास्त आहे. मांसातलं लोह वनस्पतीतल्या लोहापेक्षा चांगलं शोषलं जातं, शिवाय मांस सोबतच्या भाकरीतलं लोहही उचलायला मदत करतं. पण हे लोह आहे मटणाच्या फोडीत. तांबड्या रश्श्याचा रंग मिरचीचा आहे. रश्श्याच्या वाटीमागून वाट्या रिचवल्या आणि फोडी घरातल्या पुरुषांच्या ताटात गेल्या, तर बाईच्या वाट्याला फार थोडं उरतं. आणि गरज तिचीच जास्त: भारतीय शिफारशीप्रमाणे तिला दिवसाला 29 मिलिग्रॅम, पुरुषाला 19.

गुळाचंही तसंच. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, चव त्याची लाजवाब. पण 100 ग्रॅम गुळात साधारण 5 मिलिग्रॅम लोह, म्हणजे दहा ग्रॅमच्या खड्यात जेमतेम अर्धा. त्यावर भिस्त ठेवून अर्धा किलो गूळ संपवला तर आधी साखर वाढेल. त्यापेक्षा बाजरीची भाकरी, मोड आलेली कडधान्यं, हळीव आणि लोखंडी कढईत केलेली चिंच-टोमॅटोची आमटी जास्त कामाची. आंबटपणामुळे कढईचं लोह आमटीत उतरतं. आमटी झाली की दुसऱ्या भांड्यात काढून ठेवायची, नाहीतर ती काळपट पडते आणि तोंडात धातूची चव येते.

(दृश्य: उसाचं शेत, ओली माती, अनवाणी पाय.)

निवेदन:
साठा एकदा संपला की तो नुसत्या जेवणानं लवकर भरत नाही. मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी. ती लिंबूपाण्यासोबत घ्यावी. दूध, चहा, कॅल्शियमची गोळी यांपासून दोन तास लांब. शौचास काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. मळमळ झाली म्हणून मात्र पुष्कळ जण आठ दिवसांत गोळी सोडून देतात. एक गोळी घेतली की शरीर जवळपास दिवसभर पुढचं शोषण रोखून धरतं, म्हणून आता अनेकदा एक दिवसाआड घ्यायला सांगतात. पोटालाही ते सोसतं. गरोदरपणात मात्र रोजच. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी, तेव्हा कुठे साठा भरतो.

कारण शोधल्याशिवाय गोळी गिळत राहणं धोक्याचं. अनवाणी शेतात वावरताना अंकुशकृमी तळव्यातून शिरतो आणि आतड्यात रक्त पितो. जास्त पाळी जाणं, मूळव्याध, पोटातला अल्सर हीही कारणं असतात. पुरुषात लोह कमी निघालं तर रक्त कुठून जातंय हे शोधलंच पाहिजे. थॅलेसेमिया मायनर या रक्ताच्या आनुवंशिक दोषात हिमोग्लोबिन कमी दिसतं, पण लोह पुरेसं असू शकतं. तिथं गोळीनं नुकसान होऊ शकतं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खचलेलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर फेरिटिनच्या रिपोर्टची वाट बघू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि लोहाच्या गोळ्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर, बंद डब्यात ठेवा. त्या रंगीत असतात, मुलांना गोळ्या-चॉकलेटसारख्या वाटतात, आणि लहान मुलानं मूठभर गिळल्या तर जिवावर बेततं. तसं झालं तर उलटी करवत बसू नका, गोळ्यांचं पाकीट सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.