गोदाघाट ते सुरगाणा, एका प्रेस फोटोग्राफरची गोष्ट

नाशिकमध्ये पूर आला की पहिला प्रश्न एकच असतो, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलंय? गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते नंतर बघतात, आधी कमरेला की छातीला ते सांगा. आता स्क्रीनवर जे फोटो दिसतायत ते 2008, 2016 आणि 2019 च्या पुराचे, तिन्ही एकाच माणसाने काढलेले. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो.

काकांची सुरुवात लग्नाच्या ऑर्डरींपासून झाली. दिवसा मांडवात आणि रात्री डार्करूममध्ये, लाल दिवा, फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा तो वास, दोरीवर चिमट्याला लटकवलेले ओले प्रिंट. मग पेपरात लागले. 1991 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात रोलवर काम होतं, एका रोलमध्ये 36 फोटो, आणि शाही स्नानाच्या गर्दीत ऐन वेळी रोल संपला तर रामकुंडावर चारी बाजूंनी पाणी उडत असताना शर्टाखाली कॅमेरा धरून हाताच्या अंदाजानेच रोल बदलायचा. 2015 च्या सिंहस्थात सगळं डिजिटल, फोटो घाटावरूनच ऑफिसला जायचे. मधल्या काळात त्यांनी व्हिडिओ शिकून घेतला, कांद्याच्या लिलावावर लासलगावला जाऊन छोट्या फिल्म केल्या, पोरांना फोटोग्राफी शिकवली. त्र्यंबकला जन्मलेले दादासाहेब फाळके सुद्धा सिनेमाच्या आधी फोटोग्राफरच होते हे प्रत्येक बॅचला सांगतात, आणि सांगताना आजही तितकेच खूश होतात.

पण मला सगळ्यात जास्त आवडतात त्या त्यांच्या फोटोओळी. उन्हाळ्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर बायका दोराला धरून विहिरीत उतरतात, पावसाळ्यात जिथे धो धो कोसळतो तिथेच मे महिन्यात तळाचं गढूळ पाणी वाटीने भरावं लागतं. हा फोटो दरवर्षी कुठे ना कुठे छापून येतो आणि खाली नुसतं 'पाण्यासाठी वणवण' लिहिलेलं असतं. काका खाली पाड्याचं नाव, ग्रामपंचायत, विहीर गावापासून किती लांब आहे ते सगळं लिहितात, म्हणजे तहसीलमधल्या माणसाला टँकर कुठे पाठवायचा ते शोधत बसावं लागत नाही. मला विचाराल तर पत्रकारिता ती हीच.

मग 2018 चा मार्च. 6 तारखेला नाशिकच्या सीबीएस चौकातून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला, मुंबईपर्यंत साधारण 180 किलोमीटर, त्यात आदिवासी शेतकरी खूप होते आणि मोठी मागणी होती वनजमिनीची. काका कसारा घाट उतरेपर्यंत सोबत चालले. मुंबईत शिरल्यावर दहावीच्या पोरांना पेपरच्या दिवशी त्रास नको म्हणून ही माणसं रात्रीच चालत आझाद मैदानावर पोचली, हे सांगताना काकांचा आवाज आजही जड होतो. चालताना बोलणं झालं त्यात त्यांना कळलं की कित्येकांची कागदपत्रं साध्या फोटोवाचून अडलीयत. पाड्यावरून तालुक्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि वर दिवसाचा रोज बुडतो.

तेव्हापासून काका सुट्टीच्या दिवशी पांढरी चादर, थर्माकोलचा तुकडा आणि छोटा प्रिंटर घेऊन पाड्यांवर जातात. आता बघताय तो त्याचाच व्हिडिओ. घराच्या पडवीत चादर बांधलीय, आजी बसल्यात, डोळे खोल गेलेले, वरून ऊन आलं की सगळी सावली चेहऱ्यावर पडते, म्हणून एक पोरगा खाली गुडघ्यावर बसून थर्माकोलने उजेड वर फेकतोय. "आजी, इकडं बघा, पदर जरा मागं घ्या, कान दिसू द्या." आजोबांना सुद्धा बोलवून घेतात, कारण वनहक्काचा पट्टा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीचा हक्काचा कागद, नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो आणि नुसता बाप्याचा फोटो काढून निघून आलं तर काम अर्धंच राहतं. फोटो जागेवरच कापून पाकिटात, पाकिटावर नाव, पैसे घेत नाहीत.

हे फोटो कुठल्या पेपरात येत नाहीत आणि त्यांना बक्षीसही मिळत नाही, पण काकांच्या हार्डडिस्कमध्ये त्यांचे फोल्डर कुंभ आणि पुराच्या फोल्डरांशेजारीच आहेत, गावाच्या नावाने, तारखेने लावलेले. कुणाचा फोटो पावसात भिजला, हरवला, की फोन येतो आणि पुढच्या फेरीला नवीन प्रिंट जाते. सध्या क्लासची दोन पोरं त्यांच्यासोबत जायला लागलीयत, सुरगाण्याकडचे पाडे आता तीच बघतात.