धोटा एकाच बाजूने: थ्रॅश मेटल आणि उजवा हात

(सोलापुरात गिटार शिकणाऱ्या मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

माझ्याकडे थ्रॅश, म्हणजे हेवी मेटलचा वेगवान, आक्रमक प्रकार, शिकायला येणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, पेडल कुठलं घेऊ?" पेडल म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालवायची डबी. मी म्हणतो, पेडल राहू दे बे, आधी उजवा हात दाखव.

मी पूर्व भागात वाढलो. भिंतीपलीकडे यंत्रमाग. मागावर जो आडवा धागा पडतो त्यालाही पिकच म्हणतात, आणि आपण तार छेडतो तो तुकडाही पिक. वडील मागाकडे पाठ करून चहा प्यायचे आणि नुसत्या आवाजावरून ओळखायचे, धागा तुटला म्हणून.

मागाचा धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारा तुकडा, डावीकडून उजवीकडे जातो आणि तिकडून परत येतो. गिटारवर पिक असं खाली-वर चालवलं की ते अल्टरनेट पिकिंग. थ्रॅशमधलं डाउनपिकिंग म्हणजे धोटा दर वेळी एकाच बाजूने सोडायचा. परतीचा फेरा रिकामा. मेहनत वाढते, मग करायचं कशाला? तर वरच्या फटक्याचं वजन सहसा हलकं पडतं. सगळे फटके खालीच मारले की प्रत्येक सूर सारखा जड बसतो. मेटॅलिका या अमेरिकन बँडचं 1986 सालचं गाणं 'मास्टर ऑफ पपेट्स' घ्या. लय मिनिटाला सुमारे 212 ठोक्यांची, एका ठोक्यात दोन फटके, म्हणजे सेकंदाला सात. त्यांचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड ते खालच्याच फटक्यांनी वाजवतो.

तुम्ही 120 वर सुरू करा, सेकंदाला चार. मनगट हलू द्या, कोपर नको. पिक 1 मिलिमीटरच्या आसपास जाड असावं आणि त्याचं टोकच तारेला लागावं. खोल घुसलं की अडकतं. दंड भरून आला तर थांबा. दुखत असताना रेटण्यात मर्दुमकी नाही, नंतर महिनाभर गिटार भिंतीला टांगावी लागते.

आता पाम म्यूट, म्हणजे तळहाताने तार थोडी दाबून आवाज आखूड करणं. तळहाताची करंगळीकडची कड तार ब्रिजवरून (गिटारच्या अंगावरची तारा टेकतात ती पट्टी) सुटते तिथेच टेकवायची. दोन-चार मिलिमीटरचाच खेळ आहे. पुढे सरकलात तर नुसता ठप्प आवाज येतो, सूर मरतो. मागे ब्रिजवरच राहिलात तर तार मोकळी घणघणते. ही जागा पुस्तकात सापडत नाही, कानानेच शोधावी लागते.

सामानाचं थोडक्यात. पिकअप, म्हणजे तारेच्या कंपनाचा विजेचा संदेश करणारा भाग, हंबकर जातीचा हवा. त्यात दोन वेटोळी उलट जोडलेली असतात, त्यामुळे विजेची गुणगुण एकमेकांत मिटते आणि तारेचा आवाज मात्र दुप्पट होतो. शेजारी मागांच्या मोटारी चालू असणाऱ्या गल्लीत याची किंमत कळते. तारा 10-46 च्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) पुरतात.

गेन, म्हणजे अँपवरचं आवाज किती फाटावा ते ठरवणारं बटण, मात्र सगळे शेवटापर्यंत पिळतात. गेन जास्त झाला की फटक्यांमधली फट भरून जाते आणि सात फटक्यांचा एकच गरगराट ऐकू येतो. त्यापेक्षा अँपचा गेन कमी ठेवा आणि गिटार व अँपच्या मध्ये ट्यूब स्क्रीमर नावाचं पेडल लावा: त्याचं ड्राइव्ह (आवाज फाडणारं बटण) जवळजवळ शून्य, लेव्हल (आवाजाची पातळी) वर. तो खालचा खर्ज छाटतो, मधला स्वर पुढे आणतो. अँपचं मिड (मधल्या स्वरांचं बटण) शून्यावर नेऊन घरी वाजवलं तर भारी वाटतं, खरंय. पण ड्रम आणि बास गिटार सुरू झाली की तुम्ही स्टेजवर असूनही नसता. आमच्या पहिल्या गॅदरिंगला माझं हेच झालं. रेकॉर्डिंग ऐकलं तर मी कुठेच नाही. मित्र म्हणाला, "तू आलता का रे त्या दिवशी?"

आणि ॲक्टिव्ह पिकअप असेल तर 9 व्होल्टची बॅटरी लागते. केबल गिटारला लावलेली राहिली की ती खर्च होत राहते. वाजवणं संपलं की केबल काढा.

तू, मागच्या रांगेतला, गिटार घेऊन आलायस ना? ये पुढं. गेन मी लावतो.