मालिकेतलं फॅशन हाऊस आणि पैठणचा माग

टीव्हीवरच्या मालिकेला फॅशनचं जग फार मानवतं. मालक, त्याचा भागीदार, डिझायनर, मॉडेल, हिशेब बघणारा आणि शिलाई मशीनवर बसलेल्या बाया, सगळे एका छताखाली. कुणाला किती मान द्यायचा हे अंगावरच्या कपड्यांवरून ठरतं, आणि शोची तारीख काही केल्या पुढे ढकलता येत नाही. लेखकाला ठिणगी शोधायला बाहेर जावं लागत नाही.

१९९९ मध्ये कोलंबियात फर्नांदो गायतान यांनी लिहिलेली 'यो सॉय बेट्टी, ला फेआ' सुरू झाली. बोगोता शहरातली एकोमोदा ही कपड्यांची कंपनी, आणि तिथे सेक्रेटरी म्हणून लागलेली, रूपानं बेताची पण आकड्यांत पक्की अशी बेट्टी. हीच गोष्ट २००३ मध्ये सोनी टीव्हीवर 'जस्सी जैसी कोई नहीं' होऊन आली. फॅशन हाऊसचं नाव गुलमोहर, आणि चष्मा, दातांना तारा लावलेली जस्सी म्हणजे मोना सिंग.

या गोष्टीचं खरं बळ हिशेबाच्या वहीत आहे. एकोमोदाचा तरुण अध्यक्ष कंपनी तोट्यात घालतो, तो तोटा भागधारकांपासून लपवतो आणि बेट्टीच्या नावावर दुसरी कंपनी काढून एकोमोदा तिच्याकडे गहाण टाकतो. रॅम्पवर दिवे लागलेले असतात आणि अख्खी कंपनी एका सेक्रेटरीच्या सहीवर उभी असते. कापडधंद्याची अशी नस ओळखणारा लेखक विरळा. पण या गोष्टीच्या मध्यभागी कापड विणणारा माणूस नाही. तो कुठे बसतो, ते आता बघू.

हे पैठण. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला, गोदाकाठी. पेरिप्लस या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणची नोंद आहे, आणि त्याच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरच्या तगरचीही. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आपलं तेर. तेरहून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांवरून भडोचच्या बंदराला जायची, तिथून समुद्रापार. परदेशातल्या बाजाराला काय हवं हे ओळखून माल धाडणारी माणसं मराठवाड्यात तेव्हाही होती.

आता हा माग नीट बघा. विणकराचे पाय खड्ड्यात, पायानं दाबायच्या पावड्यांवर. समोर ताणलेल्या उभ्या धाग्यांचा ताणा, आणि पदराच्या जागी रंगीत रेशीम गुंडाळलेल्या लहान लहान तिल्ल्यांची रांग. मोराच्या मानेला एक तिल्ली, पिसाऱ्याच्या निळ्याला दुसरी, पानाच्या हिरव्याला तिसरी. ताण्याचे धागे मोजायचे, तेवढ्यातूनच तिल्ली काढायची, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवायची आणि फणी ठोकायची. एवढं झालं की एक आडवी ओळ पुरी होते. नक्षी बांगडी मोराची असो, मुनियाची असो की असावलीची, सगळं याच मोजणीवर. म्हणून हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी तशीच्या तशी दिसते. यंत्रावरच्या साडीला मागच्या बाजूला सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. साडी घेताना पदर उलटून बघाच. नक्षी जितकी भरगच्च, तितके महिने ती मागावर असते. भरजरी पदराला वर्षही कमी पडतं.

पैठणीला घरोघरी नेलं ते टीव्हीनंच. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर'मध्ये आदेश बांदेकर वहिनींना पैठणी द्यायचे आणि अख्खं घर टाळ्या वाजवायचं. ज्या बाईच्या वाट्याला घरात कौतुक कमी, तिच्या खांद्यावर सगळ्यांसमोर पैठणी पडायची. ती साडी ज्यानं विणली त्याच्या घराचा उंबरा मात्र मालिकांनी क्वचितच ओलांडला.

मला तो उंबरा ओलांडणारी मालिका बघायची आहे. कारण बेट्टीची वही इथेही आहे. रेशीम बहुतेक कर्नाटकातून येतं, जर सुरतेची. साडी पुरी होईपर्यंत पैसा अडकलेला, आणि ज्यानं कच्चा माल दिला त्याचाच शब्द मजुरीला शेवटचा. २०१८ पासून जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोष विकले जातात. म्हणजे तुती लावणारा शेतकरीही या गोष्टीत आला. यंत्रावरची साडी चौथ्या भागात कुणीतरी हातमागाची म्हणून विकेल. विणकराचा मुलगा वाळूजच्या कारखान्यात पगारावर जाईल, आणि पोरगी म्हणेल, "आबा, मला शिकवा, मी बसते." हिमरू या संभाजीनगरच्या सुती-रेशमी कापडाचंही असंच एक घर त्यात हवं. सुती ताणा, आडव्या रेशमी धाग्यांचा बाणा, एक जण मागावर आणि दुसरा वर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढणारा. या दोन माणसांचं पटलं नाही, तर त्या दिवशी वीतभर कापड निघत नाही.

पहिला भाग असा सुरू करता येईल. मुंबईच्या फॅशन हाऊसचा फोन येतो: नवरीला जांभळा नको, मोरपंखी हवा, लग्न ठरलेल्या तारखेलाच. मुंबईतल्या टेबलावर रंग बदलायला क्षण पुरतो. इथे ताणा चढला आहे, काठ विणून झाला आहे, आणि धूपछाँव रंग तर ताणा-बाणा दोन्ही मिळून बनतो. तो रंग बदलायचा म्हणजे इतक्या आठवड्यांचं रेशीम कापून काढायचं. आबा फोनवर एवढंच विचारतात, "कापतो, पण याचे पैसे कोण देणार, ताई?" पलीकडची डिझायनर वाईट बाई नाही. तिचाही मालक आहे, तिचंही बिल थकलेलं आहे. ती म्हणते, "आबा, संध्याकाळपर्यंत सांगते," आणि पोरगी आबांच्या हातातली कात्री काढून घेते.