पुण्यातलं गिऱ्हाईक सतत बदलतं, मग जाहिरात फक्त दिवाळीतच का?

नमस्कार मंडळी! पुण्यात ज्यांची मेस आहे, ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे, पाण्याच्या आरओ फिल्टरच्या दुरुस्तीचं काम आहे, घरगुती क्लास आहे, त्यांच्यासाठी आजचा व्हिडिओ.

"आमचा धंदा तोंडी प्रसिद्धीवर चालतो, जाहिरातीची गरजच पडली नाही." हे वाक्य आपल्याकडे फार अभिमानानं बोललं जातं, आणि तो अभिमान रास्तही आहे. चव नसेल तर कोण कशाला दुसऱ्याला तुमचं नाव सांगेल? पण तुमचं नाव सांगणारी माणसं पुण्यात किती काळ टिकतात, हे एकदा बघा.

सदाशिव पेठ घ्या, नारायण पेठ घ्या. अभ्यासिका आणि कॉट बेसिसच्या खोल्या. एमपीएससीच्या तयारीला आलेला मुलगा तुमच्याकडे मनापासून जेवतो, चार मित्रांना घेऊन येतो. मग पोस्ट मिळते, किंवा नाही मिळत, आणि तो पुणं सोडून जातो. ते चार मित्रही जातात. तिकडे वाकड, हिंजवडी, पिंपळे सौदागरला 11 महिन्यांचा भाडेकरार. करार संपला की घर बदललं, इस्त्रीवाला बदलला, किराणा बदलला. तुम्ही काहीही चुकलेलं नसतं, तरी गिऱ्हाईक गेलेलं असतं.

आणि शहराची कड बघा. 2017 मध्ये 11 गावं पुणे महापालिकेत आली, 2021 मध्ये आणखी 23. त्या भागात बिल्डिंगा उभ्या राहतायत, लोक राहायला येतायत. नव्या घरात आलेल्या माणसाची शेजारच्या फ्लॅटशीही ओळख नसते. चांगला इलेक्ट्रिशियन कोण, हे तो विचारणार कुणाला? तो फोनवर शोधतो.

म्हणून मी म्हणतो, पुण्यात जाहिरात हा सणासुदीचा खर्च धरू नका. दुकानाचं भाडं, लाइट बिल, तशी ती दर महिन्याला धरा. रक्कम लहान असली तरी चालेल, खंड पडू देऊ नका. माणसाचा आरओ दिवाळी बघून बंद पडत नाही, तो फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी पडतो.

दिवाळीतच सगळे पैसे ओतण्यात आणखी एक तोटा आहे. फेसबुक, इन्स्टाग्रामवर जाहिरातीची जागा लिलावानं विकली जाते. सणात मोठे ब्रँडही त्याच लिलावात उतरतात आणि भाव चढतो. म्हणजे तुमचे तेवढेच पैसे कमी लोकांपर्यंत पोचतात.

आता थोडं आतलं. नवी जाहिरात सुरू केली की ती कुणाला दाखवावी, हे ती यंत्रणा आधी शिकत असते. ते शिकणं स्थिरावायला साधारण आठवड्याला 50 प्रतिसाद लागतात, म्हणजे तुम्ही जे उद्दिष्ट निवडलं असेल ते, विक्री किंवा मेसेज, असं फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी मेटा सांगते. आपण काय करतो? दोन दिवस चालवली, फोन आला नाही, बंद केली. परत चालू केली, फोटो बदलला, बजेट दुप्पट केलं. असे मोठे बदल केले की शिकणं पुन्हा पहिल्यापासून. आता छोट्या धंद्याला आठवड्याला 50 विक्री कुठून मिळणार? म्हणून व्हॉट्सॲपवर मेसेज येणं हे उद्दिष्ट निवडा. मेसेज लोक सहज करतात, पुढचं बोलणं तुमच्या हातात.

[स्क्रीनवर नकाशा]

आणि आता ज्यात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ती गोष्ट. जाहिरात कुठल्या भागात दाखवायची, तिथे नुसतं 'पुणे' टाकणं. कात्रजची बाई औंधला ब्लाउज शिवायला टाकणार आहे का? नकाशावर दुकानावर पिन टाका आणि अगदी 1 किलोमीटरपर्यंतचं वर्तुळ निवडा. पण वर्तुळाला आपलं ट्रॅफिक कळत नाही! नकाशावर हायवेच्या पलीकडची सोसायटी जवळ दिसते, आणि संध्याकाळी वाकडच्या भूमकर चौकातून तिथून यायचं कुणाच्याही जिवावर येतं. तो भाग वगळायची सोय आहे, वगळा. तुमची गिऱ्हाइकं खरंच कुठल्या रस्त्यानं येतात, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. ही माहिती वापरा.

पैशाचा हिशोब मांडू. समजा तुमची मेस आहे. रोज 150 रुपये जाहिरातीला ठेवले. महिन्याचे 4,500, वर 18 टक्के जीएसटी, झाले 5,310. एका डब्यामागे खर्च वजा जाता महिन्याला 700 रुपये सुटतात आणि मुलगा 8 महिने राहतो, असं धरा. एका मुलामागे 5,600. म्हणजे महिन्याला एक नवा मुलगा टिकला की जाहिरात फिटली. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतलेत, तुमचे तुम्ही टाका. पण गिऱ्हाईक पहिल्या महिन्यात किती देतं यावर थांबू नका, ते किती महिने राहतं तेही धरा.

सगळं फोनवरच करा असं नाही. गूगल मॅपवर दुकानाची नोंद फुकट होते. ती आधी करा, वेळ आणि फोन नंबर बरोबर ठेवा. जुन्या पेठांत, कोथरूडमध्ये सकाळी पेपर वाचणारी घरं आहेत, तिथे पेपर टाकणाऱ्यांना विचारून ठरावीक गल्ल्यांत पॅम्प्लेट टाकता येतं. विनापरवाना फ्लेक्स मात्र नको. 1995 च्या विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि आपलंच शहर आहे हे.

मेसवाल्यांनी जूनमधल्या ॲडमिशनची वाट बघू नका, मे महिन्यातच सुरू करा. पालक खोली बघायला येतात तेव्हाच जेवणाची चौकशी करतात. गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" पॅम्प्लेट, इन्स्टा, मॅप, मित्र, जे सांगतील ते तारखेसकट लिहा. निदान तीन महिने लिहा, आणि मग जिथून माणसं येतायत तिकडे पैसे वळवा.